बाबा, तिथंच थांबा

कुर्म्यात मी पहिल्यांदा बसले ते कोणी जबरदस्ती केली म्हणून नाही, हे आधीच सांगते. जबरदस्ती झाली असती तर बरं झालं असतं असं मला पुढे पुष्कळदा वाटलं. सांगायला सोपं गेलं असतं.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. धानोऱ्याच्या पुढे, आत जंगलात असलेल्या एका गावी मला शिक्षिकेची पहिली नोकरी लागली. डांबरी सडकेवर बस सोडायची आणि मुरमाच्या वाटेनं पायी जायचं. गाव लहान, बहुतेक घरं गोंडांची. शाळेत आम्ही दोघंच, मी आणि मुख्याध्यापक. ते सावलीकडचे होते, वयानं मोठे, शाळेच्याच एका खोलीत राहायचे. मला एका विधवा बाईंनी आपल्या घरातली पुढची खोली दिली. त्यांच्या घरात त्या, त्यांचा मुलगा आणि नवी सून. सगळं गाव त्यांना माय म्हणायचं, मीही म्हणू लागले.

मायनं मला काही कमी पडू दिलं नाही. माझी जात कोणती हे तिनं कधी विचारलं नाही. मी होऊनच सांगितलं तेव्हा म्हणाली, "असं काय," आणि ताटात आणखी भात वाढला. नागभीडला माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरी मी कायम अंगणात उभी राहिलेली होते, त्यामुळे मायच्या चुलीजवळ बसून जेवणं ही मला फार मोठी गोष्ट वाटली.

पहिला महिना सरत आला आणि माझी पाळी आली. मायच्या ते लक्षात आलं. ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन बसली आणि बराच वेळ पावसापाण्याचं बोलत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमाले मी काई म्हणत नाई. पन घरात पेन आहे आमचा. त्याले हे चालत नाई."

पेन म्हणजे त्यांचा देव. आतल्या खोलीत एका कोपऱ्यात त्याची जागा होती. गावाच्या कडेला, वाडीच्या पलीकडे एक खुजी झोपडी होती, तिला कुर्मा म्हणत. पाळी आलेल्या बायका ते दिवस तिथं राहायच्या. ना घरात पाऊल, ना विहिरीवर, ना कोणाला हात लावायचा. जेवण घरून यायचं.

मी मुख्याध्यापकांना विचारलं. आधी त्यांना संकोच वाटला, मग म्हणाले, "त्यांचा देव, त्यांची रीत. आपलं काय बिघडते? उलट दोन दिवस आराम." ते मलाही पटलं. गावात दुसरी राहायची जागा नव्हती. मायचं मन मोडवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कोणाच्या श्रद्धेनं मला काही होणार नाही इतकी मी शिकलेली आहे, असा माझा समज होता.

समज होता कारण मी बाबांची मुलगी होते. बाबा नागभीडला रेल्वेत गँगमन होते. रुळांवरून हातोडा घेऊन चालण्यात त्यांची उमर गेली. तरुणपणी त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन आजीच्या देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. आजी किती दिवस रडली ते आई सांगायची. बाबांना त्याचा पस्तावा नव्हता. "देवानं आपलं पोट कधी भरलं नाई, वाट मात्र अडवली," म्हणायचे. लहानपणी ते आपल्या वडिलांबरोबर मालगुजाराकडे धान कापायला जात. तिथलं जेवण टोपलीत घालून अंगणाच्या कडेला ठेवलं जायचं. ठेवणारा मागं सरकला की यांनी पुढं होऊन उचलायचं. हे त्यांनी आम्हा भावंडांना एकदाच सांगितलं आणि सांगून झाल्यावर उठून बाहेर निघून गेले.

तरी मी कुर्म्यात गेले.

आत वाकूनच जावं लागे. कुडाच्या भिंती, वर गवत, जमिनीवर चटया. मला वाटलं होतं तिथं बायका तोंड पाडून बसल्या असतील. तसं काही नव्हतं. त्या हसत होत्या. एकमेकींचे केस विंचरत होत्या, नवऱ्यांच्या नकला करत होत्या. मायची सून तर आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून झोपली ती दिवस कलल्यावर उठली. घरी ती पहाटे धान कांडायला लागायची, मग पाणी, मग सरपण, मग शेत. ती मला म्हणाली, "पेनानं बाईमानसाले सुट्टी देल्ली. मानूस थोडीच देते." आणि स्वतःच हसली.

मला तिथं आवडू लागलं, हे मी लपवत नाही. आम्ही सगळ्याच जणी गावाबाहेर होतो, त्यामुळे आमच्यात कोणी कोणाच्या बाहेरची नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी बायकांच्या घोळक्यात मधोमध बसले होते. सून माझ्या डोक्याला मोहाचं तेल लावायची आणि शहरात बाया काय करतात ते विचारायची. श्रद्धेनं माणसाला काय मिळतं, असं मला त्या दिवसांत कोणी विचारलं असतं, तर मी त्या झोपडीकडे बोट दाखवलं असतं.

शाळेचं काय, हा प्रश्न होता. कुर्म्यातून उठून मी शाळेत जाऊ शकत नव्हते, पोरांना कोणी पाठवलं नसतं. मी तापाची रजा टाकायची. दर महिन्याला ताप. मुख्याध्यापक तो अर्ज न वाचता ठेवून घ्यायचे. एका महिन्यात माझ्या चौथीतली एक मुलगी वाकून आत आली आणि मला बघून दाराशीच थबकली. तिची पहिली वेळ होती. मी सरकून तिला जागा दिली. ती माझ्या बाजूला बसली आणि थोड्या वेळानं हळूच विचारलं, "बाई, मंग आज शाळा कोन घेते?" मी म्हटलं, सर घेतात. ती म्हणाली, "माहा भागाकार राह्यला." मी तिला तिथंच जमिनीवर काडीनं भागाकार शिकवला आणि माझ्या मनाची समजूत घातली की शाळा इथंही होतेच की.

बाबा आले ते हिवाळ्यात. त्यांनी कळवलं नव्हतं. मुलगी मास्तरीण झाली, तिला वर्गात शिकवताना एकदा बघायचं एवढंच त्यांच्या मनात होतं, असं आईनं मला नंतर सांगितलं. गडचिरोलीहून बस, पुढे पायी. ते आधी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी सांगितलं, बाईंना बरं नाही. ते घाबरून मायच्या घरी आले. मायनं त्यांना बाजेवर बसवलं, पितळेच्या गडव्यात पाणी दिलं, दोन्ही हातांनी. मग मी कुठं आहे ते हात लांब करून दाखवलं.

मी झोपडीपुढे उन्हात बसले होते. सून माझी वेणी घालत होती. वाडीच्या कुंपणाकडून बाबा येताना दिसले. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी. मला बघितल्यावर त्यांचा चेहरा उजळला, मी आजारी नव्हते, बसलेली होते. ते भरभर पुढे आले.

कुंपणाशी मायचा मुलगा आणि गावातले दोघंतिघं उभे होते. पाहुणा कुठं निघाला ते बघत होते. माझ्या मनात एकदम सगळं येऊन गेलं. बाबांनी मला हात लावला तर ते तसेच परत मायच्या घरात जातील. ती बाज, तो गडवा. मायच्या पेनाचं काय. गावात बोलणं होईल. माझी खोली जाईल. हे सगळं खरंच होतं, मी नंतर कितीदा तपासून पाहिलं.

मी म्हणाले, "बाबा, तिथंच थांबा."

ते थांबले. काऊन म्हणून विचारलं नाही, आश्चर्य दाखवलं नाही. पाऊल उचललेलं होतं ते तिथंच खाली ठेवलं आणि उभे राहिले. मी म्हटल्याबरोबर थांबले, ते मला जन्मभर पुरलं आहे. त्यांच्या डोक्याला कळायच्या आत त्यांच्या पायांना कळलं होतं. ते शब्द त्या पायांच्या ओळखीचे होते. फक्त पोटच्या मुलीच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते.

मग त्यांनी झोपडीकडे बघितलं, बायकांकडे बघितलं आणि त्यांना समजलं.

"इथी कोणी बसवलं तुले?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाई बाबा. मीच बसली."

"जेवन?"

"माय आणून ठेवते."

"ठेवते," ते म्हणाले.

त्यांनी हातातल्या पिशवीकडे बघितलं. तिच्यात आईनं दिलेली जवसाची चटणी होती, लाखोळीची डाळ होती, माझ्यासाठी घेतलेला स्वेटर होता. त्यांनी ती जमिनीवर ठेवली आणि चार पावलं मागं सरकले. मी उठून गेले, पिशवी उचलली आणि परत जागेवर येऊन बसले. आमच्यापैकी कोणीच वर बघितलं नाही. सून काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं.

ते एका येनाच्या झाडाखाली बसले. एवढ्या अंतरावरून थोडं मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणून मोठ्यानं बोलण्यासारखं तेवढंच आम्ही बोललो. आई बरी आहे. धाकट्याची परीक्षा आहे. गाय व्यायली. शेवटची बस चुकू नये म्हणून ते लवकर उठले. जाताना म्हणाले, "घरवाली चांगली बाई आहे. मले बाजेवर बसवलं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. तेच मला अधिक लागलं.

मला रागावले असते तर मी भांडले असते. मायची बाजू घेतली असती, बायकांना मिळणारी विश्रांती सांगितली असती, त्यांचा देव, त्यांची रीत, हे मुख्याध्यापकांचं वाक्य म्हटलं असतं. सगळं तयार होतं. कोणी विचारलंच नाही.

पुढच्या महिन्यात मी मायला सांगितलं, मी आता कुर्म्यात जाणार नाही, माझ्या खोलीतच राहीन, आत येणार नाही. मायनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "तुमच्या बाबाले वाईट वाटलं का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बापाचं मन मोडू नाई." आणि मला राहू दिलं. तिनं पेनाची जागा बदलून मागच्या बाजूला केली, त्यासाठी कोंबडा दिला, गावकऱ्यांचं बोलणं ऐकून घेतलं. मला यातलं काही सांगितलं नाही. शेजारणीकडून कळलं.

सून मात्र दुखावली. एकदा विहिरीवरून येताना म्हणाली, "बाई, आमी घान आहो म्हणून नाई येत का तुमी?" मी तिला समजावलं, घाण कोणीच नसतं, तेच तर मी म्हणते आहे. ती म्हणाली, "मंग यायचं ना." माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. मी तिथं पुन्हा पाय ठेवणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. भेटायलासुद्धा नाही. कुर्म्याच्या वाटेनं जायचंही मी सोडलं, लांबून जायची.

पावसाळ्यात धानाची रोवणी लागली. सगळ्या बायका दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. सुनेला दिवस गेले होते, पोट अजून दिसत नव्हतं. एक दिवस शाळेतून आले तर ती घरात नव्हती. मायनं सांगितलं, "अंगावरून जाऊन राह्यलं, कुर्म्यात गेली." मी विचारलं, बरी आहे ना. माय म्हणाली, "होते असं." मी जाऊन बघायला हवं होतं. मी खोलीत वह्या तपासत बसले. माझाही आता एक नियम झाला होता आणि तो मोडायची मला भीती वाटत होती, हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी ती चौथीतली मुलगी, आता पाचवीत गेलेली, शाळेच्या खिडकीशी धावत आली. ती कुर्म्यापुढे जेवण ठेवायला गेली होती. "बाई, वहिनी बोलत नाई."

मी धावत गेले. सून चटईवर एकटीच होती. छप्पर गळून चटई भिजली होती. ती तापानं फणफणलेली होती आणि खालचं सगळं लाल झालं होतं. मी बाहेर येऊन ओरडले. मायचा मुलगा बैलबंडी घेऊन आला, पण बैलांजवळच उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, हात बैलाच्या शिंगाला धरलेले. मी एकटी तिला उचलू शकत नव्हते. "उचला ना हो," मी म्हटलं. तो पुढे आला नाही. बायकोवर त्याचा जीव होता, हे मला माहीत आहे, मी त्यांच्या घरात राहिले आहे.

माय बांधीतून चिखलानं भरलेली आली. ती दारात क्षणभर थांबली, कपाळाला हात लावून पेनाला काही पुटपुटली आणि वाकून आत आली. आम्ही दोघींनी सुनेला बंडीत ठेवलं. सडकेपर्यंत मायनं तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. पुढे एका ट्रकवाल्यानं गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं.

सून वाचली. मूल गेलं होतंच. आणखी एक दिवस गेला असता तर तीही गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्यात तिच्याजवळ बसले होते तेव्हा ती म्हणाली, "पयलेसारख्या तुमी राहत्या तं तुमाले रातीच समजलं असतं. मी कोनाले आवाज देऊ, सगळ्या रोवन्यात." ती मला दोष देत नव्हती, जसं झालं तसं सांगत होती. गावात मात्र वेगळं बोलत होते. मास्तरीण घरातच बसते म्हणून पेन कोपला, सुनेचं मूल नेलं. मायनं हे माझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. घरी परतल्यावर तिनं आंघोळ केली, पेनापुढे पालथी पडली आणि सुनेला हात लावल्याची माफी मागितली. सून पुढच्या पाळीला पुन्हा कुर्म्यात गेली. आपल्या पायांनी, चटई काखेत घेऊन.

श्रद्धा हा निरुपद्रवी आधार की समाजाला लागलेली कीड, यावर लोक बोलतात तेव्हा मला बोलता येत नाही. तिथं झोपलेल्या बायकांचे चेहरे मी बघितले आहेत आणि बैलाचं शिंग धरून उभा राहिलेला नवराही बघितला आहे. मायनं त्याच पेनाला विचारून सुनेला उचललं. यातून एक वाक्य काढता येईल असं मला आजवर वाटलेलं नाही. त्या सगळ्यात मी काय केलं तेवढं मात्र स्पष्ट आहे. आधी मला सोयीचं होतं म्हणून मी तिथं बसले आणि मग माझ्या मनाची टोचणी जावी म्हणून उठले. सुनेचा विचार मी दोन्ही वेळा केला नाही.

माझी बदली झाली. पुढे काही वर्षांनी गडचिरोलीला शिक्षकांचं एक शिबिर होतं. मला अंधश्रद्धेवर बोलायला सांगितलं, कारण मी आत जंगलात नोकरी केलेली होती. मी कुर्म्याबद्दल बोलले. गळकं छप्पर, सुटलेली शाळा, भागाकार विचारणारी मुलगी, रक्तात पडलेली सून. लोक गंभीर होऊन ऐकत होते. बोलून झाल्यावर एका तरुण शिक्षिकेनं उभं राहून विचारलं, "मॅडम, तुम्हाला कधी तिथं बसावं लागलं का?"

"नाही," मी म्हणाले.

टाळ्या झाल्या. चहा झाला. मी संध्याकाळच्या बसनं नागभीडला गेले. बाबा निवृत्त झाले होते, अंगणात बाजेवर बसले होते. मी भाषण करून आले हे त्यांना कोणीतरी आधीच सांगितलेलं होतं. ते खूष होते. सरकून त्यांनी मला बाजूला बसवलं आणि विचारलं, "कायवर बोलली?"

"मुलींच्या शिक्षणावर," मी म्हटलं.

"चांगलं केलं," बाबा म्हणाले, आणि आईला चहा ठेवायला सांगितलं.